रिक्षाच्या पाठीवरचा बोकड

बंशाल, ढाका
८ पौष

जुलेखा बुबू, सलाम.

थोरल्या बहिणीला शोभेल असं तू विचारलंस, लेबू काय करतोस, काय बघतोस, जेवतोस का. उलटीकडून सांगतो. जेवतो. सकाळी चहात बाकरखानी रोटी बुडवून, दुपारी उस्तादांच्या घरचं, रात्री जो बोलावेल त्याच्याकडे.

बघतो खूप. परवा एक पिक्चर पाहिला. काल तोच परत पाहिला, कारण परवा माझ्यापुढे एक माणूस खांद्यावर पोरगं घेऊन बसला होता आणि मला खलनायकाचा फक्त उजवा अर्धा दिसला. मी गोष्ट बघत नाही गं, भुवया बघतो. माणूस वाईट असला की एक भुवई वर जाते, मूर्ख असला की दोन्ही. हे मला कुठल्या शाळेनं शिकवलं असतं? दुलाभाईंना वाचून दाखव हे, तुझा नवरा तरी हसेल. नको, राहू दे.

काम मात्र अडलंय. तुला माहीत आहे, मी रिक्षाच्या मागच्या पत्र्यावर चित्रं रंगवतो. हिरो, हिरॉईन, पिस्तूल, गुलाब. आता हुकूम निघालाय की रिक्षावर माणसाचं चित्र नको. सगळी गल्ली डोक्याला हात लावून बसली. बदरू उस्ताद तेवढे शांत. विडी पेटवून म्हणाले, "माणूस बंद, ठीक आहे. कोल्ह्याला लुंगी नेसवायला कुणी बंदी केलीय?" तेव्हापासून आमच्याकडे कोल्हा हवालदार आहे, माकड न्हावी आहे आणि दोन मांजरी नदीकाठी बसून प्रेमाच्या गोष्टी करतात.

उस्तादांचे प्राणी चालतात-बोलतात. माझे मेलेले असतात. मी वाघ काढला तर चांद महाजन (आमच्या गल्लीतल्या बहुतेक रिक्षा त्यांच्या) म्हणाले, "हा वाघ आहे की पोट बिघडलेली म्हैस?" उस्तादांनी मला मीरपूरच्या प्राणिसंग्रहालयात पाठवलं. तिथं मी दुपारभर प्राणी बघणाऱ्या माणसांकडेच बघत बसलो. आता उस्ताद म्हणतात, "तुझ्या एका जनावरापुढे रस्ता थांबू दे, मग पत्र्याखाली नाव घाल. तोवर नाही." बुबू, नाव नसलेला पत्रा म्हणजे काय असतं ते तुला नाही कळायचं. दुसऱ्याच्या पोराला अंघोळ घालायची नि पाठवून द्यायचं.

एक चांगली गोष्ट. मी नवा ब्रश केला. गवळ्याच्या वासराच्या कानातले केस, कोंबडीच्या पिसाची नळी आणि वर दोरा. वासरानं लाथ मारली, पण रेघ अशी बारीक येते की बघणाऱ्यानं श्वास धरावा. कुणाला हात लावू देत नाही.

गूळ पाठव. खजुराचा.

तुझा लेबू


काजलकाठी, बरिसाल
२१ पौष

लेबू,

गूळ पाठवलाय, मडकं परत पाठव. मागची दोन मडकी तू रंग कालवायला ठेवलीस, हे मला माहीत आहे.

वासराच्या कानातले केस उपटतोस? अल्ला तुला अक्कल देवो. तुझे दुलाभाई म्हणाले, "याला सुपारीच्या गोदामात बसवतो, तिथं उपटायला काही नाही." ते गमतीत बोलले नाहीत. बैशाखापर्यंत तुझं लग्न होऊन तू माणसात आला नाहीस तर ते स्वतः ढाक्याला येऊन तुझं बकोट धरणार आहेत.

म्हणून नीट वाच. आमच्या गावच्या शाळेचे कफिलुद्दीन मास्टर आहेत ना, त्यांची मुलगी हासना. वाचते, लिहिते, भात मोकळा करते. मी शब्द टाकला. मास्टरांनी विचारलं, "मुलगा काय करतो?" मी म्हटलं, ढाक्यात चित्रकार आहे, थोरामोठ्यांची चित्रं काढतो. कोल्ह्या-माकडांचा शब्द काढला नाही. तूही काढू नकोस.

मुलगी कशी आहे ते सांगते. मागच्या महिन्यात शाळेत तपासणीचे साहेब आले होते. मास्टर शिस्तीवर भाषण देत होते, तेवढ्यात एक कोंबडी टेबलावर चढली आणि तिनं हजेरीच्या बुकावर अंडं घातलं. मास्टर भाषण थांबवेनात, साहेब खुर्ची सोडेनात, कोंबडी तर उठायलाच तयार नाही. सगळं गाव तोंडात पदर कोंबून उभं. कुंपणापलीकडे एकटी हासना मोठ्यानं हसली. मास्टर तिच्याशी आठवडाभर बोलले नव्हते.

भल्या घरच्या मुलीचा फोटो असा कुणाला देत नाहीत. मास्टरांचा देते. नाक-डोळे बापाचेच आहेत म्हणतात. दाढी वजा करून बघ.

जुलेखा


बंशाल, ढाका
३ माघ

बुबू,

दाढी वजा होत नाही. मी खूप प्रयत्न केला. अंगठा ठेवून पाहिलं, चुना लावून पाहिलं. बुबू, ही काय दाढी आहे! टोकाला येऊन थोडी पुढे वळते, जणू तिला काही विचारायचंय. आणि डोळे! दोन बाजूंना दोन. एक तुझ्याकडे, एक कुंपणाकडे. फोटो मी आरशाच्या तुकड्याशेजारी लावलाय. हा आरसा माझा दुसरा लाडका. कुठलंही जनावर काढायच्या आधी मी त्यात तसं तोंड करतो. उस्तादांची बायको म्हणते, "या पोराला झटके येतात, ताईत बांधा."

लग्नाला मी हो म्हणतो. अंड्यावर हसणारी मुलगी आहे म्हणून हो म्हणतो. आपल्या घरात, अम्मा गेल्यापासून, मोठ्यानं कोण हसलंय सांग. मास्टरांनी नाही म्हटलं तर मी सुपारीच्या गोदामात जाईन आणि सुपारीसारखाच होईन. तेव्हा हे जमव.

आणि मास्टरांविषयी सगळं लिही. चालतात कसे? छत्री कशी? चश्मा वाचतानाच लावतात की नेहमी? विचार करताना काय करतात? जावयाला माहीत असायला हवं. आदरानं विचारतोय.

आज सर्कस पाहिली. तंबूच्या भोकातून. हत्तीचा फक्त गुडघा दिसला, पण फार बोलका गुडघा होता.

लेबू


काजलकाठी
१५ माघ

लेबू, माझ्या राजा,

तुझं पत्र वाचून मला रडू आलं. पहिल्यांदा तू वडीलधाऱ्यांविषयी आदरानं काही विचारलंस. दुलाभाईंना दाखवलं, त्यांनी ते दोनदा वाचलं.

लिहून घे. मास्टर मान पुढे काढून चालतात, मान आधी पोचते, मग मास्टर. छत्री काळी, तिला एका बाजूला लाल ठिगळ, उन्हात, पावसात, चांदण्यात, घरातसुद्धा बगलेत. चश्मे दोन. एक नाकावर, एक कपाळावर, आणि शोधतात तिसरा. विचार करताना बडीशेप चघळतात, जबडा असा आडवा फिरतो, डावीकडून उजवीकडे, हळूहळू. रागावले की आधी पाय आपटतात, मग बोलतात.

मी हे त्यांना सांगितलं, मुलगा तुमची किती चौकशी करतो म्हणून. ते खूश झाले. म्हणाले, "निरीक्षण आहे मुलात."

जुलेखा


बंशाल, ढाका
२ फाल्गुन

बुबू, बुबू, बुबू!

रस्ता थांबला! खरंच थांबला! बंशालच्या चौकात माझ्या पत्र्याची पहिली रिक्षा निघाली आणि मागचा सायकलवाला बघता बघता ढकलगाडीवर आदळला, ढकलगाडीवाला कांदे सोडून हसत बसला. चांद महाजन म्हणाले, "माझ्या सगळ्या रिक्षांना हेच. बाकी सगळं पुसा." उस्तादांनी विडी विझवली. त्यांनी आजवर विडी अर्धी विझवलेली मी पाहिली नव्हती. म्हणाले, "नाव घाल." कोपऱ्यात, वासराच्या ब्रशनं, पूर्ण नाव घातलं. मोतालेब. सगळी अक्षरं मावली.

काशेम नावाचा रिक्षावाला आहे, तो म्हणतो, "हे चित्र लागल्यापासून माझी रिक्षा रिकामी फिरतच नाही. लोक दुसरी सोडून माझ्यात बसतात." रोज सकाळी चित्राला फडक्यानं पुसतो आणि सलाम करतो.

कुठलं जनावर ते विचारू नकोस. दाढी आहे, एवढंच सांगतो. रुबाबदार आहे. विचारात आहे.

लेबू


काजलकाठी
१३ फाल्गुन

लेबू,

दाढी म्हणजे सिंह, हे मला न कळायला मी काय तुझी म्हैस आहे? शाब्बास. आता ऐक. माझ्याच्यानं राहवलं नाही, सिंहाची गोष्ट मास्टरांना सांगितली. ते म्हणाले, "सिंह काढणारा मुलगा मला बघायचाच आहे." हासनाच्या फुपूला, म्हणजे मास्टरांच्या बहिणीला, मोतीबिंदू झालाय, तिला ढाक्याच्या डॉक्टरांकडे न्यायचंच होतं. गुरुवारच्या रात्रीच्या लाँचनं तिघं निघतायत. मास्टर, फुपू आणि हासना. शुक्रवारी सकाळी सदरघाटावर उतरतील. तू आणायला जाऊ नकोस, मास्टरांना न सांगता बघायची सवय आहे, म्हणून मीच सांगते. दाढी कर. स्वच्छ लुंगी. तोंड वेडंवाकडं करू नकोस.

ठरलं तर तिथंच हो म्हणतील, नाहीतर पुढच्या जुम्म्याला नूरपूरच्या कापडवाल्याचा मुलगा बघायला जातील.

जुलेखा


बंशाल, ढाका
१८ फाल्गुन, गुरुवार, दुपार

बुबू,

तुझं पत्र आत्ता आलं. आत्ता! लाँच निघायला चार-पाच तास राहिले. लाँच थांबव. खलाश्याला सांग ढाका हललंय.

सिंह नाही गं. बोकड आहे.

छत्रीवाला. लाल ठिगळ. दोन चश्मे. आडवा जबडा. चांद महाजनांच्या झाडून सगळ्या रिक्षांवर आहे. सगळ्या गावभर मास्टर फिरतायत, बुबू, आणि उद्या खुद्द मास्टर येतायत!

हे पत्र तुला लाँच निघाल्यावरच मिळेल, हे लिहिता लिहिता कळलं. तरी टाकतो.

लेबू


बंशाल, ढाका
२१ फाल्गुन

बुबू,

जिवंत आहे. सगळं सांगतो, मध्ये बोलू नकोस.

उस्तादांच्या पायांवर पडलो. त्यांनी फोटो पाहिला, बोकड पाहिला, परत फोटो पाहिला. मग भिंतीला टेकून इतके हसले की त्यांच्या बायकोनं पाण्याचा तांब्या आणला. तिनं फोटो पाहिला आणि तांब्या खाली ठेवून तीही बसली. शेवटी उस्ताद डोळे पुसत म्हणाले, "पुसायला वेळ नाही. वर काहीतरी चढव." मी म्हटलं, सिंह. ते म्हणाले, "आयाळ वाळायला दोन दिवस लागतील. वाघ कर. पिवळा हात मारायचा, पट्टे ओढायचे. दाढी आणि छत्री राहू दे, तेवढं कोण बघतं."

संध्याकाळपासून आम्ही गॅरेजात रिक्षा उलट्या करून बसलो. बुबू, मला वाघ जमत नाही हे तुला माहीत आहे. पण या वेळी डोळे आधीच तयार होते, त्यांना मी हात लावला नाही. नुसता पिवळा फिरवला, पट्टे मारले, शिंगांचे कान केले, आणि बघतो तर काय, वाघ! छत्री घेतलेला, चश्मे लावलेला, शाळा सुटल्यावर घरी निघालेला वाघ. चांद महाजन पहाटे आले, कमरेवर हात ठेवून पाहत राहिले. म्हणाले, "माझे बोकड कुठायत?" उस्ताद म्हणाले, "यांनी खाल्ले."

सगळे झाले. एक राहिला. काशेम. "माझ्या बोकडाला हात लावाल तर हात मोडेन. माझं नशीब आहे ते," असं म्हणून तो रिक्षा घेऊन पळाला. कुठे गेला कुणाला ठाऊक.

नंतर कळलं. तो सदरघाटावर गेला होता. पहिल्या लाँचचं भाडं धरायला.

सकाळी गल्लीच्या तोंडाशी घंटी वाजली. काशेमची रिक्षा. आत ताठ बसलेले मास्टर, बगलेत छत्री. मागून दुसऱ्या रिक्षात दोन बुरखे. बुबू, रिक्षात बसणाऱ्याला रिक्षाची पाठ दिसत नाही. एवढ्या एका गोष्टीवर माझी दुनिया टिकली होती. मास्टर उतरले. मी सलाम करत करत मागे सरकलो आणि बोकडाला पाठ लावून उभा राहिलो. काशेम म्हणतो, "सरक ना, पुसायचंय मला." मी म्हटलं, "मीच पुसतोय." आणि पाठीनं पुसत राहिलो.

मास्टर फार खुशीत होते. म्हणाले, "ढाक्याच्या लोकांविषयी मी उगाच वाईट ऐकलं होतं. घाटापासून इथवर जो तो माझ्याकडे बघून हसत होता! नवाबपूरला गाडी अडकली तर लोक मागून पुढे येऊन माझं तोंड बघत, परत मागे जात, परत येऊन सलाम करत. इतका आदर मला गावात मिळत नाही."

मग त्यांनी वाघ पाहिले. ओळीनं उभे. मास्टर थांबले. मान पुढे गेली. कपाळावरचा चश्मा नाकावर आला, नाकावरचा हातात. जबडा आडवा फिरू लागला. मी कलमा म्हणू लागलो. त्यांनी पाय आपटला.

"हा वाघ," ते म्हणाले, "ओळखीचा वाटतो."

मी बोकडाला पाठ आणखी घट्ट लावली.

"डोळ्यांत जरब आहे. पण ज्ञानही आहे. ही छत्री, हे ठिगळ. मुला, तू मला कधी पाहिलंसही नाहीस. आणि मला वाघ केलंस?"

त्यांनी वाघाच्या गालावर तळवा ठेवला. मी ओरडलो, रंग ओला आहे! ते म्हणाले, "असू दे, असू दे," आणि डोळे पुसले. नंतर बराच वेळ विचारात दाढी कुरवाळत उभे होते.

पण हो म्हणाले नाहीत, बुबू. म्हणाले, "माझ्या बाजूनं हरकत नाही. मुलीला विचारून कळवतो."

दोन बुरखे मागच्या रिक्षातच बसून होते. त्यातला एक सारखा हलत होता. बुरख्याच्या जाळीतून फारसं दिसत नसेल, नाही? तू घालतेस, तुला माहीत. खरं सांग.

लेबू


काजलकाठी
४ चैत्र

लेबू,

बुरख्यातून सुई ओवता येते. रडायचं असेल तर आताच रडून घे.

तुझं बोकडाचं पत्र आलं तेव्हा लाँच निघून गेली होती. मी तोवर कधी न वाचलेल्या सगळ्या दुआ वाचल्या. दुलाभाई पत्र वाचून अंगणात गेले आणि बराच वेळ आले नाहीत. मी बघायला गेले तर सुपारीच्या झाडाला धरून हसत होते. गोदामाचं नाव तेव्हापासून काढलेलं नाही.

मास्टर परत आले ते पिवळ्या दाढीनं. अर्धी पांढरी, अर्धी हळदीसारखी पिवळी, आणि ती निघत नाही. तू हे लिहिलं नाहीस. गाव म्हणतंय, मास्टरांनी मुलीच्या लग्नासाठी मेंदी लावलीय, रंग जरा चुकला. मास्टर नाही म्हणत नाहीत. शाळेत पोरांना सांगतात, "ढाक्यात मला वाघ म्हणून रंगवलंय." नूरपूरच्या कापडवाल्याचा माणूस आला होता, त्याला तर पाय आपटून परत पाठवलं.

पण हासना काही बोलत नाही. मी गेले, हात धरला, विचारलं, काय गं? म्हणाली, "चाची, मीच लिहिते." अशी मुलगी मी पाहिली नाही. तिचं पत्र यासोबत. फोडलेलं नाही. म्हणजे फोडलं होतं, पण वाचलं नाही. म्हणजे वाचलं, पण शेवटपर्यंत नाही, कारण तुझ्या दुलाभाईंनी हिसकावून घेतलं.

जुलेखा


काजलकाठी
३ चैत्र

मोतालेब साहेब,

तुम्हाला सलाम. मी हासना. मी मागच्या रिक्षात होते.

सदरघाटावर अब्बांनी पुढची रिक्षा घेतली. आम्ही मागची. रिक्षा सुटली आणि माझ्या समोर, हातभर अंतरावर, अब्बा आले. पत्र्यावर. दोन चश्मे, लाल ठिगळ, जबडा आडवा. पुढे पत्र्याच्या वर खऱ्या अब्बांची टोपी दिसत होती, खाली चित्रातले अब्बा माझ्याकडे बघत होते. नवाबपूरच्या गर्दीत गाडी अडकली तेव्हा आम्ही दोघं किती वेळ एकमेकांकडे बघत राहिलो, मला माहीत नाही. मला वाटलं, आता हे मला पाढे विचारणार.

मी बुरख्यात हसले. फुपूला वाटलं, मी लग्नाच्या भीतीनं रडतेय, म्हणून तीही रडायला लागली. रडता रडता तिनं आपले मोतीबिंदूचे डोळे बारीक केले, समोर पाहिलं आणि म्हणाली, "अगं, भाईजान असे मागं तोंड करून का बसलेत? पडतील ना!"

तेव्हापासून घरात मी अब्बांच्या समोर जेवायला बसू शकत नाही. ते घास चावायला लागले की मी पाणी आणायच्या निमित्तानं उठते. काल उठून विहिरीपाशी गेले, तर तिथं फुपू आधीच बसलेली. तिचं ऑपरेशन झालंय, डोळे आता स्वच्छ दिसतात. तिला घाटापासूनचं सगळं आठवलं होतं. दोघी विहिरीचा काठ धरून बसलो.

अब्बांना काही सांगितलेलं नाही. ते खूश आहेत. मुलगी सासरी जाणार म्हटल्यावर बाप असे खूश नसतात, तेव्हा हे तुम्ही चांगलंच केलंत. पण वाघ मला पटला नाही. वाघ अब्बांना घाबरून काढलाय. बोकड तुम्ही मन लावून काढला होता. अब्बा कसे चालतात ते मी जन्मभर बघतेय, आणि कुणी दुसऱ्यानंही ते बघितलं असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

माझं हो आहे. जुलेखा चाचींना सांगा, बैशाखात ठरवा. काशेमभाईंचा तो पत्रा कुणाला पुसू देऊ नका.

एकच अट. लग्नानंतर ढाक्यात तुम्ही मला कुठेही न्या, मी येईन. पण रिक्षात बसायच्या आधी मी प्रत्येक वेळी मागं जाऊन बघणार.

हासना